आपलं काम दाराचं

नाही, पण मी म्हणतो, दाराला अक्कल लागत नाही असं तुम्हाला सांगितलं कोणी? हसा, हसा... परवा वाण्याच्या दुकानात एक बाई, ओळख ना पाळख, गाजरं निवडता निवडता मला विचारते, "तुम्हीच ना ते दारवाले?" दारवाले! अहो, मी ओरेस्ट बिलिक, या टॅमरॅक क्रॉसिंग गावात उभा जन्म टायर विकण्यात गेला माझा, अख्ख्या पंचक्रोशीतल्या गाड्या माझ्या टायरांवर हिवाळा काढतात, आणि माझी ओळख काय? दारवाले! बरं, जॅकेटच्या पाठीवर बघावं तर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'सहायक प्रशिक्षक'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! कारण पोरांच्या बर्फावरच्या हॉकीत सहायक प्रशिक्षकाचं काम काय असतं, ठाऊक आहे तुम्हाला? बर्फावरून पोरगं आलं की कठड्याआडच्या बाकड्याचं दार उघडायचं. पोरगं आत आलं की दार लावायचं. संपलं! दार उघडायचं, दार लावायचं... आणि तेवढंही मला जमलं नाही म्हणून गाव हसतंय. पण का जमलं नाही, हे कोणी विचारतं? नाही विचारत. तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

तर, मी काही जन्मतः दारावर नव्हतो. मी आपला वर, प्रेक्षकांत, शेजारी व्हर्न फेअर. व्हर्नला तुम्ही ओळखता, कापणीची यंत्रं दुरुस्त करतो तो. म्हणजे दिसला नसेल तर ऐकला तरी असेलच. त्याचा नातू कीरन आणि माझी लारिसा एकाच संघात, दोघं नऊ वर्षांची. आता लोक म्हणतात, ओरेस्ट वरून ओरडायचा. साफ खोटं. ओरडायचा व्हर्न. मी मार्गदर्शन करायचो. जरा मोठ्यानं करायचो, एवढंच... आता खाली पोरांच्या डोक्यावर हेल्मेट, कानाला टोप्या, हळू बोललेलं त्यांना ऐकू कसं जाणार? "लारिसा, पुढे बघ! लारिसा, मागे बघ! कोपऱ्यात जा, कोपऱ्यात! अगं, कोपऱ्यात काय करतेस?" व्हर्न म्हणायचा, "ओरेस्ट, तू तिला एका दमात चारी दिशांना पाठवतोयस." म्हटलं, हॉकी आहे, चारी दिशांनाच खेळतात.

आणि गेल्या वर्षी आल्या नव्या कोच. ओडेट लाफाँ. शाळेत शिकवतात, विद्यापीठाकडून हॉकी खेळलेल्या, उंचीनं एवढ्याशा, आणि गळ्यात शिट्टी नाही! तुम्हाला सांगतो, बिनशिट्टीचा कोच मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. आम्ही शिकलो तेव्हा शिट्टी वाजली की पळायचं, शिट्टी वाजली की थांबायचं, पोटात ढवळेपर्यंत पळायचं, आणि का पळतोय हे विचारायचं नाही. या बाई पहिल्याच दिवशी माझ्या दुकानात हजर. "जुने टायर आहेत का?" म्हटलं, गाडी कुठली? "गाडीला नकोत, पोरांना हवेत." दिले. संध्याकाळी रिंकवर जाऊन बघतो तर बर्फावर माझे टायर मांडलेले, आणि पोरं काठ्या बाजूला टाकून टायरांमधून शिवाशिवी खेळतायत! शिवाशिवी! खिदळतायत, आपटतायत, उठतायत... व्हर्ननं कॉफीचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "ओरेस्ट, तुझे टायर हॉकी खेळतायत आणि पोरं जत्रेला आलीयत."

पुढे तर कहरच. मैदान उभं वापरायचं सोडून आडवं वापरायला लागल्या, तीन-तीन पोरांचे संघ, इवल्याशा जागेत चकती, म्हणजे आमचा चेंडूच म्हणा, एक आणि गोलाच्या जाळ्या चार. कोणी कुठेही गोल करा! गोलकीपर रोज नवा, आज हा, उद्या ती. आणि मॅचमध्ये सगळ्यांना सारखा वेळ. जो चांगला खेळतो त्यालाही तेवढाच, जो भिंतीला धरून उभा राहतो त्यालाही तेवढाच. मग काय, हरलो! शेजारच्या गावांनी आम्हाला असं धुतलं की फलकावरचे आकडे बघवेनात. व्हर्न उठून उभा राहायचा, "अहो बाई, चांगली पोरं बाहेर का बसवता?" बाई वळून बघायच्या, गोड हसायच्या आणि त्या भिंत धरलेल्या पोराला बर्फावर पाठवायच्या.

आता ती भिंत धरलेली कोण, ते विचारू नका. बरं, विचारा. माझी लारिसा.

आणि आपल्याकडे कसं, खरी मॅच सुरू होते ती गाडीत. रिंकवरून घरापर्यंत. गाडीची काच खरवडून झाली, गाडी तापली, की आपलं सुरू, "पास का नाही दिलास? मागे का वळलीस? तिथे उभी का राहिलीस?" आता बापानं विचारायचं नाही तर कोणी विचारायचं? आधी पोरगी उत्तरं द्यायची. मग 'हं' म्हणायला लागली. मग जॅकेटची टोपी डोळ्यांवर ओढून खिडकीकडे तोंड करून बसायला लागली. आणि एके दिवशी, बाहेर बर्फाची भुरभुर, दोन्हीकडे पांढरं रान, आणि टोपीच्या आतून आवाज आला, "बाबा, पुढच्या वर्षी मी नाही खेळणार."

अहो, ही पोरगी चार वर्षांची असताना स्केट घालून झोपायची! रात्री जनीन, म्हणजे आमची बायको, हळूच जाऊन काढायची, तर झोपेत रडायची. आणि ती म्हणते नाही खेळणार? मी विचारलं, "का?" तर टोपी आणखी खाली. बोलायचंच बंद झाली हो माझ्याशी. म्हणजे 'मीठ दे', 'दूध संपलं' एवढं बोलायची. पण आधी घरी आल्यावर कुणाचा दात पडला, कुणाची काठी मोडली, सगळं सांगायची, ते बंद. घर कसं मुकं होतं, ते ज्याचं झालंय त्यालाच कळतं.

तेव्हा गेलो कोचकडे. म्हटलं, काहीतरी करा. पोरगी सोडतेय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कसं ऐकतात माहीत आहे? मान तिरकी करून, तुम्ही जगातली पहिलीच गोष्ट सांगताय असं. मला वाटलं आता पोरीबद्दल काहीतरी उपाय सांगतील. तर म्हणाल्या, "ओरेस्ट, मला बाकड्यावर दाराला माणूस हवाय. याल?" मी? सहायक प्रशिक्षक? "दोन अटी आहेत. बाकड्यावर एक शब्द बोलायचा नाही. आणि गाडीत खेळाचा विषय तुम्ही काढायचा नाही. तिनं काढला तर काढू दे." म्हटलं, मंजूर! छाती फुगवून घरी आलो, जनीनला सांगितलं, मला बढती मिळाली. ती पिरोगी, म्हणजे आमच्या बटाट्याच्या करंज्या, भरत होती. इतकी हसली, इतकी हसली, की पिरोगीतला बटाटा बाहेर आला. "दारावर बसवलं तुला? हुशार बाई आहे." मला वाटलं माझं कौतुक करतेय.

आणि दार म्हणजे सोपं वाटतं तुम्हाला? बाकड्याला दारं दोन. एकातून दमलेली पोरं आत, दुसऱ्यातून ताजी पोरं बाहेर, खेळ चालूच. थांबत नाही कुणासाठी. आतल्या दारावर मी. कडी गारठून घट्ट झालेली, हातमोजा काढावा तर बोटं चिकटतात, न काढावा तर कडी सापडत नाही. जरा आधी उघडलं तर चकती आत शिरते, जरा उशीर केला तर पोरगं भरधाव येऊन दारावर आपटतं. आणि बाहेरच्या दारावर कोण? पोस्टातल्या थेरेसाबाई. तीच हो, जी आदल्या वर्षी गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन मॅचला यायची, अख्खं रिंक दणाणून सोडायची. आता दारापाशी अशी गप्प उभी की जसं काही मौनव्रत घेतलंय. मला तेव्हा काही लक्षात आलं नाही. माझं आपलं एकच, दार उघडायचं, दार लावायचं.

पण दाराशी उभं राहिल्यावर एक गोष्ट दिसली आणि तिनं माझा हिवाळा खाल्ला, तुम्हाला सांगतो. प्रत्येक पोरगं आत आलं की कोच काय करायच्या? त्याच्यासमोर उकिडव्या बसायच्या. हेल्मेटला हेल्मेट... म्हणजे त्यांचा कान त्याच्या जाळीला लावायच्या. आणि काहीतरी बोलायच्या. अगदी थोडकंच. ओठ जेमतेम हलायचे. मग पोरगं बोलायचं, भडाभडा, हातवारे करून, काठीनं दाखवून. बाई मान हलवायच्या. झालं. पुढचं पोरगं. प्रत्येकाशी, प्रत्येक वेळी! हरत असू तरी, जिंकत असू तरी. आणि आजूबाजूला हा कालवा, काठ्या, भोंगे, वरून व्हर्न... मला ढिम्म ऐकू येईना!

आता तुम्हीच सांगा, माणसाला वाटणार की नाही? काय सांगत असतील? पहिल्यांदा वाटलं, काही डाव असेल, गुप्त. मग वाटलं, नाही हो, डाव असता तर सगळ्यांना एकच सांगितला असता आणि मग पोरं एवढं उलटं काय बोलतात? मग वाटलं, रागावत असतील. पण रागावल्यावर पोरं हसतात कशी? मग एकदा तर वाटलं, गोष्ट सांगत असतील, तुकड्या-तुकड्यानं, म्हणून पोरं परत परत आत यायला उत्सुक... रात्री अंथरुणात पडून मी हेच. जनीन म्हणाली, "सरळ विचार की त्यांना." सरळ विचार! अहो, सहायक प्रशिक्षकानं प्रशिक्षकाला विचारायचं, बाई, आपण नेमकं करतो काय? अब्रू आहे की नाही जॅकेटला?

म्हणून कीरनला गाठला. कॅन्टीनमध्ये नेलं, बटाट्याचे तळलेले काप, वरून रस्सा, अगदी ओथंबेपर्यंत. म्हटलं, "कीरन, बाळा, कोच काय सांगतात रे तुला?" तो खातोय. "काही नाही सांगत." "अरे, मग तोंड हलतं ते?" "माझं हलतं." "तुझं नाही रे, त्यांचं!" "त्यांचं थोडंसंच हलतं. माझं जास्त." पोरगं व्हर्नचा नातू आहे, खोटं बोलत नाही, पण उपयोगाचंही बोलत नाही. सगळे काप संपवले आणि गेला. मग थेरेसाबाईंना धरलं. एवढे दिवस तिथे उभी आहे, ऐकलं असेलच. म्हटलं, "थेरेसा, काय हो बोलतात त्या?" माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दाराकडे बघ, ओरेस्ट." बस!

आणि इकडे, मला कबूलच करावं लागतंय, पोरं बदलायला लागली. कशी, ते सांगता येत नाही. आधी सगळी चकतीमागे, मधमाश्यांसारखी एका जागी. आता त्यांची डोकी वर. इकडे बघतायत, तिकडे बघतायत. व्हर्न वरून बेंबीच्या देठापासून, "चकतीकडे बघ! चकतीकडे!" आणि कीरन चकती सोडून भलतीकडेच बघतोय, आणि चकती आली की पटकन तिकडेच ढकलतोय जिथे कोणी तरी मोकळं आहे. व्हर्नला कळेना रागवावं की टाळ्या वाजवाव्यात. आणि लारिसानं भिंत सोडली! एकदा तर ती कोपऱ्यात गेली... स्वतःहून! दोन धटिंगणांच्या मधून चकती काढली आणि मागे न बघता मागच्या पोरीला दिली. मागे न बघता! मी तोंड उघडलं, "शाब्..." आणि कोचनं माझ्याकडे बघितलं. उरलेला 'बास' गिळला. अजून छातीत अडकलाय.

आणि गाडीत? गाडीत मी गप्प. तुम्हाला कल्पना नाही, मी गप्प बसणं म्हणजे काय असतं. घशात प्रश्न गर्दी करून उभे. तू मागे न बघता कशी दिलीस? तुला कसं कळलं? आणि त्या बाई काय सांगतात गं तुला? पण अट. म्हणून मी म्हणायचो, "आज थंडी आहे." आणि ती म्हणायची, "हो." अहो, सस्कॅचेवानमध्ये जानेवारीत 'आज थंडी आहे'! यावरून काय ती ओळखा आमची अवस्था. पण टोपी मात्र हळूहळू वर सरकत चालली होती, हे मी आरशातून बघत होतो. जनीनला ती म्हणाली होती, शेवटची मॅच झाली की सांगेन, खेळणार की नाही. तेव्हा माझा जीव कशात अडकला असेल? त्या शेवटच्या मॅचमध्ये. आणि त्या कुजबुजीत. मला वाटायचं, ती कुजबुज मला कळली ना, तर मीसुद्धा पोरीला तेच सांगेन, आणि ती राहील.

आली शेवटची मॅच. समोर लोन हिल. ज्यांनी हिवाळ्याच्या सुरुवातीला आमची पार धूळधाण केली होती, तेच. आपलंच रिंक, खचाखच भरलेलं, गोधड्या पांघरून म्हाताऱ्या, कॅन्टीनचा तळणाचा वास, आणि वर व्हर्न, आता एकटाच दोघांचं ओरडतोय. आणि काय खेळली हो पोरं! त्यांचा एक गोल, आपला एक. त्यांचा दुसरा, आपला दुसरा. बरोबरीत! थोडाच वेळ उरलेला. मी कानटोपीचा एक कान वर गुंडाळून ठेवला होता. मुद्दाम. कोचच्या बाजूचा. म्हटलं, आज शेवटचा दिवस, आज नाही ऐकलं तर कधीच नाही.

कीरन आत आला. दार उघडलं, दार लावलं. कोच त्याच्यासमोर बसल्या. आणि नेमका त्याच क्षणी, तुम्हाला सांगतो, सगळा कालवा थांबला. कसा कोण जाणे, व्हर्नसुद्धा श्वास घ्यायला थांबला असेल. मी कान लांब केला. आणखी लांब केला. डोळे मिटले, कारण डोळे मिटले की जास्त ऐकू येतं. सगळे प्राण कानात. आणि ऐकू आलं! अगदी स्पष्ट! "काय..."

काय? पुढे काय? आणि तेवढ्यात, धाड! धाड धाड! "बाबा! दार!"

लारिसा. बाहेर. दमून परत आलेली. दारावर हातमोज्याच्या मुठी मारतेय. आणि माझा हात कडीवर, कडी गारठलेली, मी ओढतोय ती उलटीच... आणि थेरेसाबाईंनी काय केलं? त्यांनी त्यांचं काम चोख केलं! लारिसा येतेय म्हटल्यावर तिच्या बदलीचं पोरगं बाहेर सोडलं! म्हणजे बर्फावर पाचाच्या जागी सहा! लोन हिलचा बाकडा उभा राहून बोंबलतोय, सहा! सहा! पंचाची शिट्टी. माणसं जास्त. बाकड्याला दंड. दोन मिनिटं आपलं एक पोरगं कमी, आणि कोणीतरी जाऊन शिक्षेच्या खोलीत बसायचं.

माझ्या दारासमोर उभी माझी पोरगी. बाहेर. जाळीतून माझ्याकडे बघतेय. आणि पंच म्हणतोय कोण बसणार, तर हिनं हात वर केला. "मी बसते." गेली. पलीकडच्या त्या खोलीच्या दारावर एक म्हातारे बसतात, त्यांनी काय झटकन दार उघडलं हो! लोण्यासारखं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लोन हिलनं गोल केला. अर्थातच केला. हरलो.

मग पोरं रांगेनं हात मिळवतात ना, "छान खेळलात, छान खेळलात", त्या रांगेत आम्हीही असतो. लोन हिलचा दारवाला माझ्यासमोर आला, हात हातात घेतला, सोडेचना. म्हणाला, "दादा, माझ्याकडूनही झालंय." भरून आलं मला. पोरं कपडे बदलायला गेली. मी बाकड्यावर तसाच बसलो. आता काय, संपलं. ती राहते की जाते याचा निकाल तिच्या ओठांवर, आणि मी तिच्या तोंडावर दार लावलेलं!

आणि कोच आल्या. समोर उकिडव्या बसल्या. माझ्यासमोर! जशा पोरांसमोर बसतात तशाच. कान पुढे केला. म्हटलं, आली! आता आपली पाळी आली! आणि त्या म्हणाल्या...

"काय दिसलं?"

मी म्हटलं, आँ?

"आत्ता. दारापाशी. काय दिसलं तुम्हाला?"

"कोच, खरं सांगू? मला काही दिसलंच नाही. मी ऐकत होतो."

"काय ऐकलं?"

"हो."

"हो काय? काय ऐकलं?"

"काय!"

"मी विचारतेय, काय?"

"अहो, तेच! 'काय'! एवढंच ऐकलं! पुढचं तुम्ही काय बोललात ते ऐकायच्या नादात हे सगळं झालं!"

बाई मागे बसल्या. बर्फ गुळगुळीत करणारी मोटार फिरत होती, तिच्याही वर त्यांचं हसणं ऐकू आलं. म्हणाल्या, "पुढचं मी काही बोलतच नाही, ओरेस्ट. पुढचं तीच बोलतात."

म्हणजे बघा! डाव नाही, गुपित नाही, गोष्ट नाही. काय दिसलं! अख्खा हिवाळा! दोन शब्द! मी म्हटलं, "आणि मग तुम्ही काय सांगता?" म्हणाल्या, "काही नाही. सांगितलं तर ती माझ्याकडे बघतील. मला ती खेळाकडे बघायला हवीयत." आणि माझ्या खांद्यावर थाप मारून उठल्या. मी बसलो तिथेच. एवढं साधं असेल असं मला का नाही वाटलं? मी एवढी वर्षं विचारतोच आहे की! फक्त माझ्या प्रत्येक प्रश्नात 'का' होता, आणि यांच्यात 'काय'... एका 'य'चा फरक हो! तेवढ्यावर पोरगी हातची जाते?

गाडीत बसलो. काच खरवडली. गाडी तापली. लारिसा मागे. टोपी... बघवेना आरशात. गावाबाहेरची धान्याची कोठारं मागे पडली. अट होती, विषय काढायचा नाही. पण मॅच संपली, हंगाम संपला, अट संपली! म्हटलं, एकदा विचारतो. घसा खाकरला. "लारिसा... काय दिसलं?"

मागून टोपी डोक्यावरून सरकल्याचा आवाज. खरंच, ऐकू आला मला.

"बाबा, मी येत होते ना, तेव्हा मला तू दिसलास. तुझा हात कडीवर होता आणि डोळे मिटलेले होते, आणि एक कान असा... असा लांब! मला कळलं, दार उघडणार नाही."

"मग मागे का नाही फि..." जीभ चावली. रक्त आलं असेल. "बरं. आणखी काय दिसलं?"

आणि मग पोरगी जी सुरू झाली! लोन हिलचा गोलकीपर आधी डावा गुडघा टाकतो, हे तिला दिसलं होतं. कीरन चकती मिळाली की जीभ बाहेर काढतो, म्हणजे तो मारणार असतो. तो इकडेतिकडे बघत असला की पास देणार असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. शिक्षेच्या खोलीतून सगळं मैदान एकदम दिसतं, इतकं छान दिसतं, की तिला कळलं आपण डावीकडे किती मोकळी जागा सोडतो. त्या म्हाताऱ्यांच्या डब्यात पुदिन्याच्या गोळ्या असतात. व्हर्नआजोबा ओरडताना लाल होतात, पण कीरन खेळत असला की पांढरे होतात. अहो, घर आलं तरी थांबेना! गाडी दारात उभी, इंजिन चालू, जनीन खिडकीतून बघतेय की ही माणसं उतरत का नाहीत... आणि मी ऐकतोय. कानटोपीचे दोन्ही कान वर करून.

शेवटी मी धीर केला. म्हटलं, "मग? पुढच्या वर्षी?" म्हणाली, "खेळणार! कोचना मी आत्ताच सांगून आले कपडे बदलताना." मला वाटलं आता रडतो मी. "फक्त मी म्हटलं, दारावर माणूस बदला."

तर असं आहे. म्हणून मी म्हणतो, दारवाले म्हणू नका मला, दार गेलं माझं. या वर्षी मी पाण्याच्या बाटल्या बघतो. बाटली भरायची, बाटली द्यायची. पाठीवर अजूनही सहायक प्रशिक्षकच. आणि दारावर कोण, सांगू? व्हर्न! पहिल्याच मॅचला वरून इतका ओरडला की कोच वर गेल्या, मान तिरकी करून त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "व्हर्न, मला दाराला माणूस हवाय." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, थेरेसाबाई, मी, व्हर्न... अहो, बाई पोरांना घडवतायत असं आम्ही समजत होतो! जनीनला बोललो, तर म्हणाली, "मला पिरोगी भरतानाच कळलं होतं."

पण गंमत पुढेच आहे. पोरांना त्या अजून विचारतात, काय दिसलं, आता मला अगदी शेजारून स्वच्छ ऐकू येतं, त्यात काही राहिलं नाही. पण परवापासून दार लावलं की त्या व्हर्नच्या कानाशी जातात आणि काहीतरी सांगतात. बराच वेळ सांगतात हो! 'काय दिसलं' नाही ते, ओठ मी बघतो ना. आणि व्हर्न, आयुष्यात कुणाचं न ऐकलेला व्हर्न, मान हलवतो! काय सांगत असतील? न राहवून मी परवा त्यालाच विचारलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाटल्यांकडे बघ, ओरेस्ट."